वहीत लिहिलंय म्हणून

मागच्या वर्षी एका शुक्रवारी दुपारी मामांचा फोन आला. भोसरी एमआयडीसीत त्यांचा छोटा गाळा आहे. दोन लेथ, एक मिलिंग मशीन, चार कामगार. मोठ्या कंपन्यांच्या वेंडरचे जे वेंडर असतात, त्यांचं जॉबवर्क ते करतात.

"अरे, पैसे जात नाहीयेत. पोरांचे पगार करायचेत. ॲपमध्ये बॅलन्स दिसतोय, पण पाठवले की फेल."

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून घरातल्या सगळ्या ॲपचा डॉक्टर मीच. सर्व्हर डाउन असेल, उद्या बघा, असं सांगून मी फोन ठेवला. पण सर्व्हर डाउन नव्हता. सोमवारी बँकेत कळलं की खात्यावर 'सायबरचा होल्ड' आहे. तीन आठवड्यांपूर्वी एक अनोळखी माणूस गाळ्यावर येऊन पिठाच्या गिरणीचा शाफ्ट टर्निंग करून घेऊन गेला होता. त्याने ४,२०० रुपये यूपीआयने दिले होते. दुसऱ्या कुठल्यातरी राज्यात कोणाची तरी फसवणूक झाली होती. ते पैसे चार-पाच खात्यांतून फिरले आणि त्यातले ४,२०० मामांच्या खात्यात आले. वादातली रक्कम ४,२०० रुपये. अडकले मात्र खात्यातले सगळे १ लाख ८६ हजार.

काउंटरवरचा माणूस वाईट नव्हता. "आमच्या हातात काही नाही, त्या पोलीस स्टेशनला कॉन्टॅक्ट करा," एवढंच तो म्हणत राहिला. बाहेर येऊन मामा स्कूटरवर बसले आणि म्हणाले, "काम मी केलं. शाफ्ट मी बनवला. मग माझे पैसे माझे आहेत हे मीच का सिद्ध करायचं?"

तेव्हा ते मला नुसतं वैतागलेलं बोलणं वाटलं. पुढचे काही आठवडे त्यांच्यासाठी अर्ज लिहिता लिहिता मी कायदे वाचत गेलो, आणि लक्षात आलं की मामांचा प्रश्न यूपीआयपेक्षा फार जुना आहे. वही दुसऱ्याच्या हातात, त्या वहीत आपल्याबद्दल काहीतरी लिहिलेलं, आणि ते खरं की खोटं हे सिद्ध करण्याचं ओझं आपल्या डोक्यावर. आपल्या पुणे जिल्ह्यात या ओझ्यावरून दीडशे वर्षांपूर्वी आग लागली होती. शब्दशः.

सुप्याचा बाजार

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे, बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली. शाळेच्या पुस्तकात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. पण दंगा म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतं त्यापेक्षा हे वेगळं होतं. लोकांना हवे होते कागद: कर्जरोखे, वह्या, कोर्टाचे हुकूमनामे. ते हाती आले की ते जाळत. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले, तिथे बहुतेक वेळा त्याला हात लावला गेला नाही. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत पोचलं.

कागदांवरच राग का? अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंद झाला, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि उधारी सैल झाली. युद्ध संपलं, भाव पडले. त्यातच १८६७ पासून शेतसारा वाढवून बसवला गेला. कर्ज मात्र राहिलं, आणि ते कागदावर वाढत राहिलं. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्यावर दावा लावायची मुदत तीन वर्षांवर आणली होती. हेतू हा की जुनी कर्जं लोकांच्या मानगुटीवर बसू नयेत. घडलं उलटं. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेई आणि साचलेलं व्याज मुद्दलात मिसळी. निरक्षर शेतकरी अंगठा देई. कोर्टात गेल्यावर न्यायाधीश विचारी: हा अंगठा तुझा का? हो. मग झालं. मूळ कर्ज किती होतं, फेडलं किती, याची चौकशी कोण करणार? कागद बोलत होता.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये 'डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट' आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता. म्हणजे आजच्या नकाशावर पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि खेड तालुक्यातलं चाकण, सगळं त्यात आलं. तेव्हा इथे ज्वारी-बाजरीची शेतं होती.

हा कायदा वाचताना मी दोन ठिकाणी थबकलो.

पहिलं ठिकाण कलम १२. कोर्टाने फक्त रोखा बघून निकाल द्यायचा नाही. व्यवहार पहिल्यापासून उकलायचा: किती दिले, किती फेडले, व्याज कसं लावलं. कागदाच्या मागे जायचं.

दुसरं ठिकाण कलम ६४ ते ६७. पैसे भरल्यावर लेखी पावती मिळण्याचा हक्क. दरवर्षी हिशेबाचं स्टेटमेंट मिळण्याचा हक्क. आणि वेळोवेळी हिशेब 'पास-बुकात' लिहून मिळण्याचा हक्क. सावकाराने टाळाटाळ केली तर दंड.

पासबुक! मी लहान असताना आई मला बँकेत पासबुक भरून आणायला पाठवायची, तो प्रिंटरचा खर्रर्र आवाज अजून आठवतो. तो मला कायम बँकेचा एक कंटाळवाणा उपचार वाटायचा. आपल्या जिल्ह्यात त्या पुस्तिकेच्या मागे जळलेल्या रोख्यांचा धूर आहे, हे कोणी सांगितलं नव्हतं.

या कायद्याने सगळं सुधारलं असं नाही. सावकारांनीही वाट काढली. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यायचं आणि 'पैसे दिलेस की जमीन परत' हे फक्त तोंडी ठेवायचं. ती पळवाट बुजवायला पुढे कायद्यात दुरुस्ती करावी लागली. पण एक तत्त्व रुजलं: ज्याच्या हातात वही, त्याच्यावर ती दाखवण्याची जबाबदारी.

वही म्हणजे पुरावा?

या दंग्यांच्या तीन वर्षं आधीचा एक कायदा आहे, १८७२ चा पुराव्याचा कायदा. त्याचं कलम ३४ सांगतं की धंद्यात नियमित ठेवलेल्या हिशेबवहीतली नोंद पुरावा म्हणून दाखवता येते, पण केवळ त्या नोंदीवरून कोणालाही देणेकरी ठरवता येणार नाही. सोबत दुसरा आधार लागेल. 'वहीत लिहिलंय म्हणून' हे वाक्य कायद्यात अपुरं आहे. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हीच तरतूद कलम २८ म्हणून आली.

बँकांची अडचण वेगळी होती. प्रत्येक खटल्यात मूळ खातेवह्या कोर्टात नेल्या तर शाखा चालवायची कशी? म्हणून १८९१ मध्ये 'बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट' झाला. बँकेने प्रमाणित केलेली नक्कल कोर्टात चालेल, आणि ती नोंदीचा प्रथमदर्शनी पुरावा मानली जाईल. प्रथमदर्शनी, म्हणजे दुसरी बाजू ती खोडून काढू शकते.

२००० मध्ये माहिती तंत्रज्ञान कायदा आला आणि 'वही'च्या व्याख्येत कॉम्प्युटरचे प्रिंटआउट आले. पण त्यांच्यासोबत दोन प्रमाणपत्रं लागतील असं ठरलं. एक शाखा व्यवस्थापकाचं किंवा मुख्य लेखापालाचं. दुसरं कॉम्प्युटर यंत्रणा सांभाळणाऱ्या व्यक्तीचं: डेटा सुरक्षित ठेवायला काय काय केलं आहे, अनधिकृत बदल कसे रोखले आणि पकडले जातात.

हे दुसरं प्रमाणपत्र म्हणजे आमच्यासारख्यांचं काम. मी रोज लॉग बघतो, म्हणून सांगतो. लॉगमध्ये 'ओटीपी मॅच झाला' असं आलं तर त्याचा अर्थ एवढाच की कोणीतरी बरोबर सहा आकडे टाकले. कोणी टाकले, ते लॉगला माहीत नसतं. सिमकार्ड कोणाच्या हातात होतं, फोनची स्क्रीन दुसरीकडे कोणी बघत होतं का, याची नोंद त्या ओळीत नसते. तरी ग्राहक तक्रार घेऊन गेला की पहिलं उत्तर येतं, "सर, ओटीपी टाकून व्यवहार झालाय." अंगठा तुझा का? हो. मग झालं.

पैसे नक्की कोणाचे?

इथे एक विचित्र गोष्ट समजून घ्यावी लागते. आपण म्हणतो, 'माझे पैसे बँकेत आहेत.' कायदा तसं म्हणत नाही. १८४८ मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने फॉली विरुद्ध हिल या खटल्यात सांगितलं की ठेवलेली रक्कम बँकेची होते, आणि बँक तेवढ्या रकमेची तुमची ऋणको होते. भारतातही हेच धरलं जातं. म्हणजे बचत खातं उघडताना तुम्ही सावकार होता आणि बँक कुळ. फक्त वही कुळाच्या हातात असते.

ऐकायला हे भीतीदायक आहे. पण त्याची दुसरी बाजू ग्राहकाच्या बाजूने जाते. कोणी चोराने बँकेला फसवून पैसे काढले, तर ते बँकेचे पैसे गेले. तुमचं येणं तसंच शिल्लक आहे. तुमच्या हुकमाशिवाय बँकेला तुमच्या नावे खर्च टाकता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन या निकालात हे ठामपणे सांगितलं. कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याने, ज्याच्या ताब्यात चेकबुक होतं त्याने, खोट्या सह्या करून ४२ चेक वटवले होते. रक्कम ३ लाख २६ हजार ४७ रुपये ९२ पैसे. बँकेचं म्हणणं होतं, तुम्ही पासशीट तपासली असती तर लगेच कळलं असतं, चूक तुमची. न्यायालयाने ते मानलं नाही. खोटी सही म्हणजे हुकूमच नाही, आणि हुकूम नसताना दिलेले पैसे बँकेने स्वतःच्या खिशातून दिले. ग्राहकाने पासबुक न तपासणं एवढ्यावरून त्याचा हक्क जात नाही.

कारखाने आले, बँका आल्या

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची वसाहत पिंपरीत होतीच. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को आली, बजाज आली. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. नंतर कारखाने चाकणकडे सरकले. मराठवाड्यातून, विदर्भातून, पुढे उत्तर भारतातून माणसं आली. भिशी आणि गावाकडची मनीऑर्डर यांच्या जोडीला सहकारी बँकेचं पासबुक आलं. ओळखीचा कारकून, मराठीत बोलणारा मॅनेजर, अर्धा टक्का जास्त व्याज.

ज्या वर्षांत हा पट्टा आकार घेत होता, त्याच वर्षांत देशात ठेवीदारांचा विश्वास हलला होता. १९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली आणि पाठोपाठ केरळची पलाई सेंट्रल बँक. त्या धक्क्यातून १९६१ चा ठेव विमा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून विमा सुरू झाला. मर्यादा होती प्रत्येक ठेवीदाराला १,५०० रुपये. सहकारी बँकांना त्यात घेण्याची दारं १९६८ च्या दुरुस्तीने उघडली. मर्यादा १९८० मध्ये ३० हजारांवर आणि १९९३ मध्ये १ लाखावर गेली. मग २७ वर्षं ती तिथेच थांबली. एवढ्या काळात भोसरीतल्या वन बीएचकेची किंमत कुठून कुठे गेली ते आठवून बघा.

या थांबलेल्या आकड्याची किंमत पुण्याने मोजली. १९१२ मध्ये स्थापन झालेल्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले. निर्बंध म्हणजे बँक बंद नाही, पण चालूही नाही. तुमचं खातं आहे, आकडा दिसतो, पैसे निघत नाहीत. विमा मिळायचा तर तेव्हा बँक अधिकृतपणे बुडावी लागायची, आणि ती बुडत नव्हती. हे साडेनऊ वर्षं चाललं. २२ सप्टेंबर २०२२ रोजी परवाना रद्द झाला. लगेच १० ऑक्टोबर २०२२ रोजी पिंपरीच्या सेवा विकास सहकारी बँकेचाही परवाना गेला.

मधल्या काळात दोन गोष्टी बदलल्या होत्या. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेच्या ठेवीदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढायची परवानगी मिळाली आणि देशभर आरडाओरड झाली. ४ फेब्रुवारी २०२० पासून विमा ५ लाखांचा झाला. २०२१ च्या दुरुस्तीने आणखी महत्त्वाचं काम केलं: बँक पूर्ण निर्बंधाखाली गेली की विम्याची रक्कम साधारण ९० दिवसांत द्यायची, परवाना रद्द होण्याची वाट बघायची नाही. रुपी आणि सेवा विकास दोन्हींच्या वेळी रिझर्व्ह बँकेने सांगितलं की सुमारे ९९ टक्के ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळू शकेल.

आकडा दिलासा देणारा आहे. पण उरलेला १ टक्का म्हणजे ज्यांच्या ठेवी ५ लाखांवर होत्या ते. निवृत्तीचे सगळे पैसे एका बँकेत ठेवलेला कामगार त्यात येतो. ५ लाखांची मर्यादा एका माणसाला एका बँकेत आहे, मुद्दल आणि व्याज धरून. त्याच बँकेच्या चार शाखांत पैसे विभागून ठेवले तरी हिशेब एकत्रच होतो. घरच्यांना हे एवढं एक वाक्य तरी सांगून ठेवा.

८० लाखांचा ईमेल

बँक बुडणं ही जुनी भीती. नवी भीती अशी की बँक उभी आहे आणि तुमचं खातं रिकामं.

पुण्याची पूना ऑटो ॲन्सिलरीज ही कंपनी. नावातच धंदा आहे, गाड्यांचे सुटे भाग. तिच्या पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून ८० लाख १० हजार रुपये दुसऱ्या खात्यांत वळवले गेले. कंपनीकडून एका फसव्या ईमेलला उत्तर गेलं होतं. इथे चूक ग्राहकाचीही होती, आणि म्हणूनच ही केस महत्त्वाची आहे.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ प्रमाणे असे ५ कोटींपर्यंतचे दावे प्रत्येक राज्याचे आयटी सचिव निवाडा अधिकारी म्हणून ऐकू शकतात. फार कमी लोकांना हे माहीत आहे. तेव्हा महाराष्ट्राचे आयटी सचिव राजेश अग्रवाल होते. त्यांनी २०१३ मध्ये बँकेला ४५ लाख रुपये द्यायला सांगितलं. ग्राहकाने ईमेलला उत्तर दिलं, म्हणून नुकसानीचा काही भाग त्याने सोसायचा. पण ज्या खात्यांत पैसे गेले ती बनावट खाती उघडलीच कशी, पुरेशी तपासणी का झाली नाही, याचं उत्तर बँकेने द्यायचं.

मला हा निकाल आवडतो कारण तो कोणालाच साळसूद ठरवत नाही. तो कागदाच्या मागे जातो, १८७९ च्या कलम १२ सारखा.

६ जुलै २०१७ रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून हा विचार नियमात बसवला. सहकारी बँकांसाठी तसंच परिपत्रक त्याच वर्षी १४ डिसेंबरला आलं. चूक बँकेची असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, मधल्या कोणाची असेल, आणि ग्राहकाने कामकाजाच्या ३ दिवसांत कळवलं, तरीही शून्य. ४ ते ७ दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १० हजार. ग्राहकाने स्वतः पिन वगैरे दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. तक्रार आली की बँकेने १० कामकाजी दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा. आणि सगळ्यात मोठं वाक्य: ग्राहकाची जबाबदारी आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर.

पुढच्याच वर्षी ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत चोर शिरले. त्यांनी बँकेच्या स्विचसारखाच एक खोटा स्विच उभा केला. बनावट कार्डांवरून आलेली प्रत्येक विनंती तो मंजूर करत गेला, खऱ्या कोअर बँकिंगला पत्ताच नाही. २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी आणि भारतातून अडीच कोटी निघाले. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्टमार्गे १३.९२ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण ९४.४२ कोटी. ग्राहकांच्या खात्यांतला आकडा मात्र हलला नाही. गेले ते बँकेचे. फॉली विरुद्ध हिल पुण्यात असा प्रत्यक्ष दिसला.

दोनच दिवसांनी, १५ ऑगस्टला, पिंपरी-चिंचवडचं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झालं. योगायोगच, पण त्या आठवड्यात आपल्या शहराचा पत्ता बदलला असं मला वाटतं.

न्यायालयांनी ते परिपत्रक गंभीरपणे घेतलं. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बँक ऑफ बडोदाला एका कंपनीचे ७६ लाख ९० हजार १७ रुपये व्याजासह परत करायला सांगितलं. त्या प्रकरणात तक्रारदार आधी लोकपालाकडे हरले होते. ३ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्टेट बँकेच्या एका ग्राहकाच्या ९४ हजारांच्या प्रकरणात गुवाहाटी उच्च न्यायालयाचा ग्राहकाच्या बाजूचा निकाल कायम ठेवला. त्याने फसवणूक कळल्यावर वेळ न घालवता बँकेला कळवलं होतं, ही गोष्ट त्याच्या कामी आली.

आणि मामा?

मामांचा गुंता मात्र या सगळ्याच्या उलट्या बाजूचा आहे. त्यांचे पैसे चोरीला गेले नव्हते. दुसऱ्याच्या चोरीचा एक तुकडा त्यांच्या खात्यात येऊन पडला होता.

बँक खातं ही 'मालमत्ता' आहे का, पोलिसांना ते जप्त करता येतं का, हा प्रश्न महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९९ मध्ये महाराष्ट्र शासन विरुद्ध तापस निओगी या निकालात उत्तर आलं: हो, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ खाली येतं. आता ती तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०६ आहे. तेव्हा चेकचा जमाना होता. २०२१ मध्ये सायबर फसवणुकीची हेल्पलाइन यंत्रणा उभी राहिली, तिचा नंबर आज १९३०. तक्रार येताच पैसे पुढे ज्या ज्या खात्यांत गेले तिथे होल्ड लागतो. ज्याचे पैसे गेले त्याच्यासाठी ही यंत्रणा वरदान आहे. पहिल्या तासात १९३० लावला म्हणून पैसे वाचलेले लोक मी बघितलेत. तीच यंत्रणा साखळीतल्या चौथ्या-पाचव्या माणसावर, शाफ्ट बनवणाऱ्यावर, चहावाल्यावर, सगळं ओझं टाकते. तो चोर की कामकरी, हे बघायला त्या क्षणी कोणालाच वेळ नसतो.

कायद्यात तोल आहे. जप्तीची खबर पोलिसांनी दंडाधिकाऱ्यांना द्यायची असते. खातेदार दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून खातं मोकळं करून मागू शकतो. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशाच यूपीआयच्या प्रकरणांत सांगितलं की होल्ड पोलिसांनी कळवलेल्या रकमेपुरताच ठेवावा. फक्त हे सगळं माहीत असावं लागतं, आणि पगाराच्या आधी माहीत असावं लागतं.

आम्ही काय केलं ते सांगतो. बँकेला लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली: होल्ड कोणाच्या सांगण्यावरून, तक्रार क्रमांक काय, रक्कम किती, हे लेखी कळवा. तोंडी उत्तर घ्यायचं नाही, हे आता मी सगळ्यांना सांगतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट जाता येतं, हे अर्जातच लिहिलं. चार दिवसांत तक्रार क्रमांक मिळाला. मग त्या दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्याला ईमेल. सोबत बिलाची नक्कल, त्या दिवसाचं बिलबुकाचं आधीचं आणि नंतरचं पान, मटेरियल आणल्याची पावती, आणि लेथवर लावलेल्या शाफ्टचा फोटो. तो फोटो एका कामगाराने सहज स्टेटसला ठेवायला काढला होता.

मामा त्या माणसाला बिल देणार नव्हते. छोटं काम, ओळख नाही, कोण लिहीत बसतो? पण मामी हट्टाने प्रत्येक कामाचं बिल फाडायला लावतात. त्यांचे वडील म्हणायचे, पावतीशिवाय दिलेला आणि घेतलेला रुपया दोन्ही दुसऱ्याचे.

एकोणीस दिवसांनी होल्ड ४,२०० पुरता झाला. बाकीचे पैसे मोकळे झाले. तोवर पगारासाठी मामींनी बांगड्या गहाण ठेवल्या होत्या, त्याचं व्याज कोणी देणार नाही. ते ४,२०० अजून अडकलेले आहेत. केस चालू आहे म्हणे.

परवा गाळ्यावर गेलो तेव्हा भिंतीवर क्यूआर कोडशेजारी मामांनी खडूने लिहिलं होतं: 'नाव, मोबाइल, गाव लिहिल्याशिवाय काम मिळणार नाही.' खाली दोऱ्याने बांधलेली एक वही लटकत होती.

"आता वही माझ्याकडे पण आहे," मामा म्हणाले, आणि मशीन सुरू केलं.